गोठ्याच्या दारात आलेली संस्था : बाएफची वाटचाल

या स्मरणिकेचे बहुतेक वाचक हट्टा, वसमत आणि पूर्णाकाठच्या गावांतले, दावणीला दोन-चार जनावरं असलेले. त्यांना पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचनच्या एका संस्थेचा इतिहास कशाला सांगायचा, असं कुणी विचारेल. कारण साधं आहे. माजावर आलेली गाय घेऊन शेतकऱ्यानं दवाखान्यापर्यंत चालत जायचं नाही, दवाखान्यानंच गोठ्यापर्यंत यायचं, ही रीत महाराष्ट्रात ज्यांनी नेटानं रुजवली त्यांत बाएफचं नाव अगदी पुढे घ्यावं लागतं. आज मोटारसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधून आपल्या अंगणात येणारा माणूस सरकारी असो, डेअरीचा असो की स्वतःच्या हिमतीवर काम करणारा असो, ती वाट आधी कुणीतरी तुडवलेली आहे.

या इतिहासाची सुरुवात मात्र गाईपासून होत नाही, निसर्गोपचारापासून होते. महात्मा गांधी १९४६ च्या सुमारास पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राशी जोडलेले होते. शहरातल्या उपचारांचा लाभ पैसेवाल्यांनाच होतो, खेड्यातला गरीब तिथवर पोचत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी खेडं शोधलं. पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर, सोलापूरच्या रेल्वेमार्गावरचं उरुळी कांचन. २२ मार्च १९४६ रोजी ते तिथं गेले, ३० मार्चपर्यंत राहिले, रोज रोगी तपासले. गावकऱ्यांनी जमीन दिली, आश्रम उभा राहिला. गांधीजी पुढच्या राजकारणाच्या धकाधकीत निघून गेले. मागे राहिलेल्यांमध्ये विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे होते, आणि सव्विसाव्या वर्षात असलेला एक गुजराती तरुण होता, मणिभाई भीमभाई देसाई.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० चा, सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचा. शिक्षण विज्ञानाचं, पदवी हातात. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास झाला आणि तिथून पाय सेवाग्रामकडे वळले. उरुळीत राहायचं ठरलं तेव्हा त्यांनी गांधीजींना शब्द दिला की आता या गावातून जाणार नाही, माझी राखसुद्धा इथंच पडेल. असले शब्द त्या काळात पुष्कळांनी दिले. मणिभाईंचं वेगळेपण असं, की त्यांनी तो पाळला आणि पाळताना गावाचा हिशेब मांडला. त्या वेळचं उरुळी कोरडवाहू, कर्जात बुडालेलं, दारूनं पोखरलेलं. मातीची पट्टी आणि कटिस्नान यांनी ताप उतरतो, पण उपासमार उतरत नाही. रोग्याच्या पोटात सकस अन्न नाही, अन्न नाही कारण शेतात पाणी नाही, आणि वर्षभर हातात रोख पैसा येईल असं घरात काही नाही. ही साखळी त्यांना दिसली, आणि आश्रमातला हा तरुण शाळा, पाणी, फळबागा आणि गोशाळा अशा कामांत उतरला.

गोसेवेचं काम गांधीजींनीच त्यांच्यावर सोपवलेलं होतं. मणिभाईंना गाईंचं शास्त्र शिकवायला कुणी नव्हतं. पुस्तकं वाचून, जाणकारांना विचारून आणि रोज धारेला बसून ते शिकले. आश्रमात त्यांनी गीर गाईंचा लहानसा कळप ठेवला. कोणती गाय किती दूध देते, किती दिवस भाकड राहते, तिची कालवड कशी निघाली, वळू कोणता होता, याची नोंद ठेवली. निवड करत करत तो कळप नावाजला गेला. १९४६ ते १९६७ ही एकवीस वर्षं माणूस एकाच गावात होता. संस्थांचे इतिहास लिहिताना आपण स्थापनेच्या तारखेपासून सुरुवात करतो. माझ्या मते बाएफचा खरा पाया तिच्या स्थापनेआधीच्या या एकवीस वर्षांत आहे. पुढे हजारो गावांत जे नेलं, ते आधी एका गावात करून, चुकून, सुधारून पाहिलेलं होतं.

१९६० च्या दशकाचा मध्य देशासाठी कठीण होता. लागोपाठ दुष्काळ, अमेरिकेहून येणारा गहू, शहरांत दुधासाठी रांगा. महाराष्ट्रात वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि शेतीतल्या नव्या प्रयोगांना त्यांचं पाठबळ होतं. अशा हवेत २४ ऑगस्ट १९६७ रोजी उरुळी कांचनला ‘भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ या सार्वजनिक न्यासाचं काम सुरू झालं. लोकांच्या तोंडी बसलं ते आद्याक्षरांचं नाव, बाएफ. पुढे अधिकृत नावही ‘बाएफ डेव्हलपमेंट रिसर्च फाउंडेशन’ असं झालं. १९६८ मध्ये मणिभाईंना पद्मश्री मिळाली. न्यासाची घडण मुद्दाम राजकारणापासून लांब ठेवलेली होती. सेवाभाव आश्रमाचा आणि कामाची शिस्त एखाद्या चांगल्या कारखान्याची, असं हे मिश्रण होतं. आपल्याकडे यातलं एक बहुतेक वेळा दुसऱ्याला मारक ठरतं.

पहिला मोठा निर्णय वादाचा होता. गावठी गाय दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देते, तीही वासराला पाजून. तिचा चारा तिच्या दुधातून सुटत नाही. निवड पद्धतीनं गावठी गाय सुधारायला कित्येक पिढ्या जातील, आणि शेतकऱ्याला तेवढा दम नाही. म्हणून गावठी गाईवर जर्सी किंवा होल्स्टीन वळूचं रेत वापरायचं आणि एकाच पिढीत आठ-दहा लिटरची संकरित कालवड मिळवायची, असा मार्ग मणिभाईंनी धरला. गांधीजींच्या आश्रमातला माणूस गाईत परदेशी रक्त आणतो, यावर गोभक्तांतून टीका झाली. मणिभाईंची बाजू रोखठोक होती. जी गाय शेतकऱ्याला परवडत नाही ती शेवटी कसायाच्या दावणीलाच जाते. गाय वाचवायची तर ती परवडली पाहिजे. गीरचा कळप त्यांनी सोडला नाही, हेही इथं नोंदवायला हवं.

आता यातलं तंत्र. त्याशिवाय या संस्थेचं मोठेपण कळत नाही. वळूचं रेत बारीक नळीत, म्हणजे कांडीत, भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलं की ते वर्षानुवर्षं टिकतं. वापरताना कांडी कोमट पाण्यात, साधारण ३७ अंशांना, अर्धा मिनिट धरायची आणि लगेच भरायची. पाणी फार गरम झालं की रेत मेलं. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि त्या माजातला उपयोगाचा काळ काही तासांचा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हे गणित चुकलं की २१ दिवस वाया, आणि तेवढ्या दिवसांची वैरण फुकट. तालुक्याच्या गावी उत्तम दवाखाना असला तरी गाय तिथवर चालत नेईपर्यंत अर्धा माज निघून जातो आणि शेतकऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच. म्हणून बाएफनं उलटी रचना केली. दहा-पंधरा गावांमागे एक केंद्र, केंद्रावर शिकवून तयार केलेला माणूस, त्याच्याकडे दुचाकी, नायट्रोजनचं भांडं आणि एक वही. निरोप आला की तो निघणार.

वही हा शब्द मी सहज लिहिलेला नाही. कोणत्या गाईला कोणत्या तारखेला कोणत्या वळूची कांडी वापरली, तीन महिन्यांनी तपासणीत गाभण निघाली की उलटली, काय व्याली, याची नोंद प्रत्येक केंद्रावर ठेवायची पद्धत होती. त्यामुळे कोणता माणूस नीट काम करतो आणि कोणत्या वळूच्या कालवडी चांगल्या निघतात, हे दोन्ही कळतं.

दुसरी गोष्ट पैशांची. सेवा दिली तर शेतकऱ्यानं काहीतरी शुल्क द्यावं, असा आग्रह राहिला. फुकट मिळालेल्या कांडीबद्दल कुणी जाब विचारत नाही. पैसे दिले की दुसऱ्या खेपेला ‘मागची का उलटली?’ असं विचारायचा हक्क मिळतो. बाकीचा खर्च सुरुवातीच्या काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांनी उचलला. कारखान्याचे सभासद म्हणजे पाण्याखालची शेती, उसाचं वाढं फुकट, गावात दूध संस्था, आणि पुढे नगर-पुणे-कोल्हापूरकडे उभे राहिलेले जिल्हा संघ. संकरित गाईला लागणारं बहुतेक सगळं तिथं आधीपासून होतं. हे नीट ध्यानात ठेवावं, कारण मराठवाड्याचा प्रश्न इथंच सुरू होतो. पुढे वेगवेगळ्या राज्यसरकारांनी बाएफला केंद्रं चालवायला दिली आणि काम गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश, कर्नाटक असं पसरत डझनाहून अधिक राज्यांत गेलं.

या कामात लागणारा धीर सहसा कुणी मोजत नाही. आज गाय भरवली तर नऊ महिन्यांहून थोड्या जास्त दिवसांनी वासरू. ते कालवड असेल तर नीट पोसून दीड-दोन वर्षांनी माजावर. मग पुन्हा नऊ महिने. म्हणजे कांडी भरल्यापासून दुधाची पहिली धार बादलीत पडायला तीन-साडेतीन वर्षं. एवढ्या काळात केंद्र बंद पडलं, माणूस बदलला किंवा निधी आटला, तर शेतकऱ्याच्या हाती वही तेवढी उरते. सरकारी योजना बहुतेक याच खड्ड्यात पडल्या. बाएफ टिकली, कारण केंद्र वर्षानुवर्षं त्याच गावात राहील असं तिनं पाहिलं.

जनावर सुधारलं आणि चारा तोच राहिला तर सुधारलेलं जनावर गावठीपेक्षा लवकर खंगतं. १९७० च्या दशकात बाएफनं सुबाभूळ हे झाड चाऱ्यासाठी आपल्या देशात लोकप्रिय केलं. बांधावर लावा, छाटा, शेळी-गाईला घाला. पुढे त्यावर मावावर्गीय किडीची धाड आली आणि सुबाभळीचा बोलबाला ओसरला. पण बांध आणि पडीक जमीन हेच वैरणीचं शेत होऊ शकतं, हा विचार टिकला. संकरित नेपियरचे वाणही संस्थेनं काढले. ‘बीएनएच-१०’ हे नाव चारा पिकवणाऱ्यांना ओळखीचं असेल. १९८२ मध्ये गुजरातेतल्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी ‘वाडी’ हा कार्यक्रम सुरू झाला. थोड्याशा माळरानावर आंबा-काजू, मधल्या जागेत पिकं, कडेनं चारा आणि जळण. त्याच वर्षी मणिभाईंना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गाय हा त्यांच्या दृष्टीनं नेहमीच एका कुटुंबाच्या पोटापाण्याचा एक भाग होता, हे वाडीमुळे बाहेरच्यांनाही दिसलं.

१४ नोव्हेंबर १९९३ रोजी मणिभाई गेले. संस्थापकामागे संस्था विस्कटायची आपली जुनी परंपरा आहे. बाएफच्या बाबतीत तसं झालं नाही. डॉ. नारायण हेगडे यांनी धुरा घेतली, पुढे गिरीश सोहनी आणि त्यानंतर इतरांनी. मुख्यालय पुण्यात वारज्याला, संशोधन उरुळीला. महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांसाठी ‘मित्र’ ही सहयोगी संस्था निघाली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना बीजमाता म्हणतात आणि ज्यांना पद्मश्री मिळाली, त्यांच्या गावरान बियाण्यांच्या बँकेला आधार देण्याचं काम याच परिवारानं केलं. गाईत परदेशी रक्त आणणारी संस्था पुढे देशी बियाणं जपायला उभी राहिली, यात मला विसंगती वाटत नाही. कुठं काय परवडतं आणि काय टिकतं, हे पाहूनच दोन्ही केलेलं आहे.

आता दोष. स्मरणिकेत गोड गोडच लिहायचं असतं, तरी लिहितो. संकरीकरणानं दूध वाढलं, पण गोऱ्ह्याचा प्रश्न उभा राहिला. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नीट नाही, ऊन सोसत नाही, औताला चालत नाही. पूर्वी तो बाजारात जायचा. २०१५ च्या कायद्यानं राज्यात गोवंशहत्या बंद झाली आणि ट्रॅक्टरनं बैलाचं काम घेतलं. मग असे गोऱ्हे रानात सोडून दिले जातात, आणि तेच रात्री हरभऱ्यात शिरतात. लिंगनिश्चित रेत, ज्यातून दहात नऊ वेळा कालवडच होते, हा यावरचा सध्याचा उपाय. बाएफ त्यातही काम करते. शिवाय संकरित गाय आजाराला, गोचिडाला आणि उन्हाळ्याला हळवी. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग आला तेव्हा गोठ्यांमागून गोठ्यांतली जनावरं गाठींनी भरली होती. आणि सर्वांत मोठी चूक सगळ्यांनीच केली. ज्या भागात चांगल्या देशी जाती होत्या तिथंही सरसकट होल्स्टीनच्या कांड्या वापरल्या गेल्या.

ही शेवटची गोष्ट थेट आपल्या दाराशी येते. हट्ट्याच्या आग्नेयेला नांदेडकडे कंधार, मुखेड, लोहा हा लाल कंधारीचा मुलूख. दक्षिणेला लातूर-उदगीरकडे देवणी. म्हशीत मराठवाडी म्हैस. लाल कंधारी ही मुळात कामाची जात. दूध कमी, पण थोड्या वैरणीवर, भर उन्हात उभी राहणारी, आणि तिचा गोऱ्हा बाजारात अजूनही पैसे आणतो. तिच्या चांगल्या गाईला परदेशी रेत भरणं म्हणजे हातातलं सोडून पळत्यापाठी लागणं. ठरावीक जात नसलेल्या गावठी गाईवर संकर आणि जातिवंत देशी गाईवर तिच्याच जातीचा वळू, हा राज्याच्या पैदास धोरणाचाही गाभा आहे. १८ मे १९७२ रोजी परभणीला कृषी विद्यापीठ झालं. तिथल्या संशोधकांनी होल्स्टीन आणि देवणी यांच्या संकरातून ‘होलदेव’ तयार केली, आपल्या हवेला मानवेल आणि दूधही बऱ्यापैकी देईल अशी. हट्ट्याहून परभणी असं किती लांब, तरी आमच्यातल्या किती जणांनी विद्यापीठाचा तो गोठा पाहिला आहे?

मग धवलक्रांती पश्चिमेला झाली आणि इकडं का नाही? लोक आळशी म्हणून नाही. दूध विकायला रोजची, खात्रीची जागा नव्हती. मुंबईची आरे दूध वसाहत १९४९ ची. त्यानंतर सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांत दूध योजना काढल्या, पण मराठवाड्यात त्या सरकारी खात्याच्या चालीनं चालल्या आणि एकेक करत मंदावल्या. उदगीरचा दूध भुकटी प्रकल्प बंद पडून किती वर्षं झाली, हे लातूरकडच्या माणसाला विचारा. दुसरं कारण वैरणीचं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्या रानात ज्वारी होती तोवर कडब्याच्या गंज्या होत्या. सोयाबीन आलं, पैसा आला आणि कडबा गेला. सोयाबीनची गुळी जनावर खातं, पण ती कडब्याची जागा घेत नाही. वसमतचा पट्टा येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यामुळे हळद आणि उसाचा. हळदीचा पाला जनावराच्या कामाचा नाही. उसाचं वाढं आहे, पण त्यात ऑक्झलेट असतं. नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या गाईला चुनखडीची, म्हणजे कॅल्शियमची उणीव पडते आणि ती व्याल्यावर बसते. तेव्हा अर्धा-एक एकर चाऱ्यासाठी राखणं आणि हंगामात मका कापून मुरघास भरणं, हे इथल्या दुधाचं पहिलं काम आहे. गाय त्यानंतर.

केनियात छोट्या शेतकऱ्यांनी हेच केलं. दोन-तीन गाई, बांधावर नेपियर, कापून गोठ्यात आणून घालायचं. २००८ पासून केनिया, युगांडा आणि रवांडात एक मोठा दुग्धविकास प्रकल्प चालला. त्यात दूध थंड करण्याच्या केंद्राभोवतीच रेतन, औषध, खाद्य आणि उधारीची सोय उभी केली. दूध घालायला येणाऱ्याला सगळं एकाच ठिकाणी, आणि त्याचे पैसे दुधाच्या हिशेबातून वळते. मणिभाईंनी साखर कारखान्यांच्या आधारानं जे केलं, त्याचंच हे भावंड. आपल्याकडे २०१६ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीनं विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प सुरू आहे. पहिला टप्पा ११ जिल्ह्यांत झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये १४९ कोटी २६ लाख रुपयांच्या दुसऱ्या टप्प्याला राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली आणि त्यात दोन्ही विभागांचे सर्व १९ जिल्हे, म्हणजे हिंगोलीही आलं. दूध संकलन, रेतन, चारा आणि जनावरवाटप असा सगळा घाट त्यात आहे. पैसे येतील, गाई वाटल्या जातील. पण साडेतीन वर्षांनी वही लिहिणारा माणूस गावात असेल का, यावर त्याचं यश ठरेल. बाएफच्या इतिहासातून मला तरी हेच दिसतं.

हट्टा आणि परिसरातल्या दूध उत्पादकांना एक विनंती. गाय भरवायला येणाऱ्या माणसाकडून वळूचा क्रमांक मागून घ्या, जात विचारा आणि तारीख लिहून ठेवा. जनावराच्या कानातला बारा आकडी बिल्ला पडला असेल तर नवा मारून घ्या. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला आधी लिटरमागे ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान मिळालं, तेव्हा बिल्ल्याची नोंद नसलेल्यांची अडचण झाली. आणि ज्यांच्या दावणीला जातिवंत लाल कंधारी आहे, त्यांनी लाल कंधारीचीच कांडी मागावी. ती मिळत नसेल तर वसमतच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तसा लेखी अर्ज द्यावा, आणि एकट्यानं न देता पाच-दहा जणांनी मिळून द्यावा.